जुन्या मेटलकोरची ओढ अजून का सुटत नाही?

ड्रॉप_सी
गेल्या शनिवारी रात्री हेडफोन लावले आणि किल्सविच एंगेज या मेटलकोर (मेटल आणि हार्डकोर पंक यांचं मिश्रण) बँडचा २००२ सालचा 'अलाइव्ह ऑर जस्ट ब्रीदिंग' पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत सलग ऐकला. एकही गाणं पुढे ढकललं नाही. त्याआधी आठवडाभर मी नव्या मेटलकोरच्या याद्या लावून बसलो होतो. त्यातलं कुठलंच गाणं वाईट नव्हतं. आवाज चकाचक, गायक तयारीचे, ड्रम तर थेट छातीवर आदळतात. पण आठवडा संपला तरी मला त्यातला एक रिफ (गिटारची परत परत येणारी धून) गुणगुणता येईना. कोरस आठवत होते, मधले इलेक्ट्रॉनिक तुकडे आठवत होते. गिटारने काय वाजवलं ते मात्र आठवेना.

माझं म्हणणं असं, की जुन्या मेटलकोरमध्ये गाणं रिफच्या खांद्यावर उभं असायचं. ब्रेकडाउन (गाण्यातला जड, दणदणीत भाग) यायचा तेव्हा त्याची पायाभरणी आधीच्या दीड-दोन मिनिटांत झालेली असायची. आता बऱ्याच गाण्यांत तो ठरल्या जागी येतो. आधी क्षणभर सगळं शांत, मग कुजबुजल्यासारखं एक वाक्य, आणि मग धडाम. पहिल्यांदा अंगावर काटा येतो. दहाव्या गाण्यापर्यंत तो कधी येणार हे आधीच कळायला लागतं.

'जुनं' म्हणजे ढोबळमानाने १९९५ ते २००७ धरा. तुम्हाला काय वाटतं? हे खरंच संगीतात आहे, की मी ते ज्या वयात ऐकलं त्या वयात?

कोरी_पाटी
रुमाल टाकून ठेवते. मेटल थोडंफार ऐकलंय, पण मेटलकोर हा प्रकार माझ्यासाठी अगदी नवा आहे. कोणीतरी सुरुवात कुठून करायची ते सांगा.

खर्जातला
वयात आहे. सोळाव्या वर्षी जे कानावर पडतं तेच आपल्याला आयुष्यभर 'खरं' वाटत राहतं. शिवाय आपण चाळून उरलेलं जुनं ऐकतो आणि न चाळलेलं नवं. २००५ च्या सुमाराला स्वीडनच्या ॲट द गेट्स या बँडचे रिफ उचलून मध्ये एक गोड कोरस टाकणारे बँड पैशाला पासरी होते. त्यांची नावंही आता कोणाला आठवत नाहीत. तेव्हा ठरलेला साचा होता, आताही आहे, फक्त साचा बदलला.

लोखंडी_पहाट
ड्रॉप_सी, +१. रिफ गुणगुणता न येणं हे अगदी नेमकं पकडलंत.

उलटा_ठेका
मी ड्रम वाजवतो, म्हणून ब्रेकडाउनबद्दल थोडं लिहितो. ब्रेकडाउनमध्ये वेग कमी होतो असं बऱ्याच जणांना वाटतं. बहुतेक वेळा वेग तोच असतो. बदलते ती स्नेअरची (ड्रम-संचातल्या कडक आवाजाच्या ड्रमची) जागा. एरवी स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो, तो उचलून तिसऱ्या मात्रेवर ठेवला की लय एकदम अर्धी झाल्यासारखी वाटते. पायाखालची जमीन जड होते. हे आलं हार्डकोरमधून. तिथे समोरच्या गर्दीला अंग झोकून द्यायला जागा मिळावी म्हणून तो भाग असायचा. म्हणजे मुळात ब्रेकडाउन हे गर्दीला दिलेलं आमंत्रण आहे.

आता गंमत बघा. आमंत्रण कधी जोरदार वाटतं? आधी वेग असेल तर. ॲट द गेट्सच्या १९९५ च्या 'स्लॉटर ऑफ द सोल'मधून आलेले ते धावते, सलग पिक केलेले रिफ, खाली दुडक्या चालीचा ड्रम, आणि त्या धावण्यातून अचानक तिसऱ्या मात्रेवर येऊन थांबणं. समेवर आपटल्यासारखं. जुन्या गाण्यांत ही उतरंड असायची. आजच्या कित्येक गाण्यांत पहिल्या ओळीपासूनच लय अर्धी आणि गिटार तुटक-तुटक, म्हणजे गाणं आधीच ब्रेकडाउनमध्ये उभं आहे. मग त्याने खाली उतरायचं कुठे? म्हणून आणखी खर्जात जायचं, आणखी मोठा स्फोट करायचा.

जाता जाता, ड्रॉप_सींनी ज्या अल्बमचं नाव घेतलं त्यावर ड्रम वाजवणारा ॲडम डुटकेविच पुढे त्याच बँडचा गिटारिस्ट झाला, आणि निर्माताही तोच. रिफ आणि ठेका एकमेकांत इतके गुंतलेले वाटतात ते मला त्यामुळेच वाटतं. दोन्ही एकाच डोक्यातून निघाले होते.

सातवी_तार
उलटा_ठेका, सुंदर प्रतिसाद. वाखू (वाचनखूण) साठवली.

तळघर
माफ करा, पण २००२ ला 'जुनं' म्हणायला माझं मन तयार होत नाही. क्लीव्हलंडच्या इंटिग्रिटीचा 'दोज हू फिअर टुमॉरो' १९९१ चा आहे. अर्थ क्रायसिसचा 'डिस्ट्रॉय द मशीन्स' १९९५ चा, हेटब्रीडचा पहिला अल्बम १९९७ चा, बॉचचा 'वी आर द रोमन्स' १९९९ चा. हे आमचं जुनं मेटलकोर. यात गोड कोरस शोधून सापडणार नाही. हेटब्रीडच्या त्या अल्बममध्ये १४ गाणी आहेत आणि सगळं प्रकरण अर्ध्या तासाच्या आत आटोपतं. घरात शिरले, टेबल उलटं केलं, निघून गेले.

तुम्ही ज्याला जुनं म्हणता ती त्याची दुसरी पिढी. गॉथेनबर्गची (ॲट द गेट्सचं गाव) मेलडी आणि गाता येईल असा कोरस आला तेव्हा आमच्यातलेही कित्येक म्हणाले होते की संपलं आता. म्हणजे आज तुम्ही जी तक्रार करताय ती आम्ही तुमच्या लाडक्या अल्बमबद्दल करून झालोय.

ड्रॉप_सी
तळघर, मान्य. सीमारेषा माझ्या सोयीची आहे. पण त्या दोन पिढ्यांत एक धागा समान आहे आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. दोन्हीकडे चार-पाच माणसं एका खोलीत वाजवतायत हे ऐकू येतं. कॉन्व्हर्जचा २००१ चा 'जेन डो' घ्या. शेवटचं गाणं अकरा मिनिटांहून मोठं आहे, त्यात गोड काहीही नाही, आणि तरी ते संपल्यावर मी बराच वेळ नुसता बसून राहतो.

शिशिर
'जेन डो'चं नाव निघालं म्हणून अवांतर. मुखपृष्ठावरचा तो चेहरा मी इतक्या टीशर्टांवर पाहिलाय की संगीत ऐकण्याआधी चेहराच पाठ झाला होता. ते चित्र गायक जेकब बॅननने स्वतः केलंय हे नंतर कळलं. गिटारिस्ट कर्ट बॅलू ध्वनिमुद्रण करतो, गायक चित्रं काढतो. सगळं घरचं काम.

निळी_वही
शिशिर, माझ्याकडे तो टीशर्ट आहे. धुऊन धुऊन चेहरा अर्धा उडालाय आणि आता जास्तच देखणा दिसतो. :)

सातवी_तार
आता माझ्या आवडीचा मुद्दा, ट्यूनिंग. नावातच सातवी तार आहे त्यामुळे मी खर्जाच्या विरोधात नाही, हे आधी सांगतो.

साध्या ट्यूनिंगमध्ये गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ८२ हर्ट्झला असते. ड्रॉप सी या खालच्या ट्यूनिंगमध्ये ती ६५ च्या आसपास येते. त्या काळातला बराच मेटलकोर इथेच किंवा जवळपास वाजतो. या जागी तार जड होते पण सूर अजून सूर राहतो. मुख्य म्हणजे बेस गिटार एक सप्तक खाली स्वतःच्या जागेत बसलेला असतो. आता गिटार ड्रॉप एफपर्यंत नेली तर ती सुमारे ४४ हर्ट्झला येते. साध्या ट्यूनिंगमधल्या बेसची जाड तार ४१ ला असते. म्हणजे गिटार बेसच्या खोलीत जाऊन बसली. एवढ्या खाली दोन सूर एकत्र वाजवले की गढूळ होतात, म्हणून वाजवणारा एकेकच सूर तोडून-तोडून वाजवतो. रिफचा सूर जातो आणि ठेका उरतो. मग मेलडी कुठून आणायची? गायक आणि सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड). ड्रॉप_सींना गिटार आठवत नाही याचं अर्धं उत्तर इथे आहे असं मला वाटतं. गिटारला तालवाद्याचं काम दिलंय.

हे वाईटच असतं असं नाही. मेशुगा या बँडने तेच काम किती वर्षं अफाट केलंय. पण ते काम वेगळं आहे.

लोखंडी_पहाट
हा प्रतिसाद वाचून पहिल्यांदाच कळलं की मला अनर्थचे दोन गिटारवाले इतके का आवडतात. ('अनर्थ' म्हणजे बँडचं नाव, नुकसान नव्हे.) २००४ च्या 'द ऑनकमिंग स्टॉर्म'मधली त्या दोघांची जुगलबंदी मी आणि माझ्या धाकट्या भावाने मिळून बसवली होती. एकाने मूळ सूर धरायचा, दुसऱ्याने त्याच्यावरचा तिसरा. वेगळं वेगळं वाजवलं की दोन्ही ओळी साध्या वाटायच्या. महिनाभर आमचं जमेना, कधी तो पुढे कधी मी. एका रात्री बसलं. खोलीत तिसरीच कुठलीतरी गिटार वाजतेय असं वाटलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं पण हात थांबवले नाहीत, थांबलो असतो तर पुन्हा सापडलं नसतं.

उलटा_ठेका
लोखंडी_पहाट, क्या बात है. हे वाचून डोळ्यांत पाणी आलं.

खर्जातला
छान आठवण. पण 'एका खोलीत वाजवतायत हे ऐकू येतं' यावर मला बोलायचंय, कारण ते पूर्ण खरं नाही. २००० च्या दशकातल्या मेटलमध्ये संगणकावर ड्रम नीट करणं, खऱ्या स्नेअरवर दुसऱ्या स्नेअरचा सॅम्पल (आधी मुद्रित केलेला ठोका) चढवणं हे सर्रास चालायचं. 'अलाइव्ह ऑर जस्ट ब्रीदिंग'चं मिक्सिंग अँडी स्नीपचं आहे, आणि त्या काळात त्याच्या हातचा आवाज म्हणजे चकचकीतपणाचं टोक मानला जायचा. तेव्हाचे जुने लोक त्याला 'फार साफ' म्हणत होते. आज तोच आपल्याला मातीचा वास असलेला वाटतो.

आणखी एक. अनर्थचा २००४ चा अल्बम, पार्कवे ड्राइव्हचे २००५ आणि २००७ चे, ऑल दॅट रिमेन्सचा २००६ चा 'द फॉल ऑफ आयडियल्स', या सगळ्यांचा निर्माता कोण? ॲडम डुटकेविच. कदाचित तुम्हाला एक काळ आवडत नसून एका माणसाचा कान आवडतोय.

ड्रॉप_सी
खर्जातला, हा मुद्दा बिनतोड आहे. ती सगळी नावं माझ्या आवडत्या यादीत आहेत आणि मी ती कधी अशी एका ओळीत मांडून पाहिली नव्हती. पार्कवे ड्राइव्ह तर ऑस्ट्रेलियाच्या बायरन बेचे, तरी त्या दोन अल्बममध्ये किल्सविचचं मॅसॅच्युसेट्स ऐकू येतं. आता कारण कळलं.

रात्रपाळी
सॅम्पलचा विषय निघाला म्हणून स्वतःचा अनुभव लिहितो. मी घरीच गाणी मुद्रित करतो. दोन वर्षांपूर्वी एक गाणं केलं, मित्राने ड्रम वाजवले. त्याची सवय अशी, की ब्रेकडाउनच्या पहिल्या ठोक्याला तो केसभर उशिरा येतो. मी स्क्रीनवर मोठं करून पाहिलं, ठोका रेषेच्या किंचित उजवीकडे होता. मला वाटलं चूक आहे. सगळे ठोके ओढून रेषेवर बसवले, मग गिटारही बसवली. हाताशी सगळी साधनं होती, एका संध्याकाळीत झालं.

ऐकलं तर गाणं बरोबर होतं आणि त्यात जीव नव्हता. ब्रेकडाउन यायचा आणि निघून जायचा. दोन दिवस कारण शोधत होतो, आवाज बदलून पाहिले, गिटारचा थर वाढवून पाहिला. शेवटी मूळ फाइल पुन्हा उघडली. तो उशीर हाच तो धक्का होता. हात वर गेलाय, आता येणार, आता येणार, आणि कान वाट बघत असतानाच तो पडतो. मी तेवढी वाट बघण्याची जागा पुसून टाकली होती. मूळ ड्रम परत ठेवले आणि गिटार त्यांच्यामागे नव्याने वाजवली.

तेव्हा सॅम्पल होतेच हे खर्जातला यांचं म्हणणं बरोबर आहे. पण ठोक्याचा आवाज बदलणं वेगळं आणि ठोक्याची वेळ बदलणं वेगळं. पहिलं मला खपतं.

उलटा_ठेका
शंभर टक्के. आवाज उसना चालेल, वेळ स्वतःची हवी.

निळी_वही
सगळे गिटार आणि ड्रमबद्दल बोलताय, शब्दांबद्दल कोणीच नाही. मला या संगीताकडे शब्दांनी ओढलं. अर्थ क्रायसिसची गाणी प्राण्यांच्या हक्कांबद्दल आणि नशेपासून दूर राहण्याबद्दल आहेत. किल्सविचचा गायक जेसी लीच अंधारात उभा राहून उठण्याबद्दल गातो. किंचाळून सांगितलेली आशा हा प्रकार मला आधी कुठे भेटला नव्हता. आणि डेट्रॉइटच्या वॉल्स ऑफ जेरिकोची कँडेस कुक्सुलेन. तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी पंधरा वर्षांची होते आणि बाईचा राग इतका मोठ्याने, कोणाची माफी न मागता ऐकू येऊ शकतो हे मला माहीतच नव्हतं.

पण याच कारणासाठी मी ड्रॉप_सींशी पूर्ण सहमत नाही. आर्किटेक्ट्स या बँडचा गिटारिस्ट टॉम सर्ल याचं २०१६ मध्ये कर्करोगाने निधन झालं. त्यानंतर २०१८ चा 'होली हेल' उरलेल्यांनी केला, त्यांच्यात त्याचा जुळा भाऊ डॅन ड्रमवर. त्या अल्बममधला शोक कुठल्याही जुन्या अल्बमपेक्षा कमी खरा नाही. माझ्या घरातलं एक माणूस गेलं तेव्हा मी महिनाभर तोच ऐकत होते. त्यात गिटार खर्जात आहे, सिंथ आहेत, आवाज चकचकीत आहे. मला त्याची आठवणही झाली नाही.

तळघर
निळी_वही, तुमचं म्हणणं मनापासून पटलं. 'होली हेल' मी टाळला होता. आज रात्री ऐकतो.

शिशिर
किल्सविचचा गायक म्हणून लीच की त्याच्या जागी आलेला हॉवर्ड जोन्स? कोणीतरी विचारायलाच हवं होतं.

लोखंडी_पहाट
जोन्स. २००४ चा 'द एंड ऑफ हार्टेक'. त्याचा भरदार आवाज कोरसमध्ये उघडतो तेव्हा खिडक्या उघडल्यासारखं वाटतं.

ड्रॉप_सी
लीच. त्याच्या गाण्यात आवाज फाटायच्या बेतात असतो आणि फाटत नाही.

निळी_वही
दोघं. किल्सविचच्या २०१९ च्या 'अटोनमेंट'मध्ये एका गाण्यात दोघं एकत्र आहेत. ज्याची जागा दुसऱ्याने घेतली आणि मग त्यानेच ती परत घेतली, ते दोघं एका गाण्यात. भांडण मिटवायला तेवढं पुरे.

सातवी_तार
मूळ धाग्याकडे वळूया. नॉक्ड लूजबद्दल कोणीच का बोलत नाही? केंटकीची पोरं, २०२४ चा अल्बम. सिंथचा गोडवा नाही, गाता येईल असा कोरस नाही, आणि तरी २०२३ मध्ये ते कोचेला या बड्या संगीत महोत्सवाच्या मंचावर वाजवून आले. ड्रॉप_सी यांचा नियम खरा असता तर हे घडायलाच नको होतं.

ड्रॉप_सी
त्यांना मी विसरलो होतो, आणि विसरायला नको होतं. हो, त्यांचा ब्रेकडाउन मला दहाव्यांदाही आधी कळत नाही. मग मी माझं म्हणणं बदलतो. माझी तक्रार सालाशी नाही. स्लीप टोकनचा २०२५ चा अल्बम बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. त्यांचं त्यांना लखलाभ, ते वेगळंच काहीतरी करतायत आणि मनापासून करतायत. माझी तक्रार त्यांच्या मागून येणाऱ्या त्या गाण्यांशी आहे, ज्यांत गिटार फक्त स्फोटापुरती बोलावली जाते. दोन मिनिटं ती कुठेच नसते. मला ती पूर्ण वेळ घरात हवी आहे.

खर्जातला
आता तुमच्याशी वाद घालायला काही उरलं नाही. हे मलाही हवं आहे.

रात्रपाळी
ऑगस्ट बर्न्स रेड ऐकत राहा मग. २००७ चा 'मेसेंजर्स' ते आजपर्यंत, त्यांच्याकडे गिटार घर सोडून कधी गेलेलीच नाही.

कोरी_पाटी
परत आले. तीन दिवस तुम्हा सगळ्यांचं वाचत होते आणि काल 'अलाइव्ह ऑर जस्ट ब्रीदिंग' पूर्ण ऐकला. मला वयाची आठवण चिकटलेली नाही, म्हणून माझं मत उपयोगी पडेल असं वाटलं.

पहिली दोन गाणी मला नुसता गोंगाट वाटली, खरं सांगते. तिसऱ्यापासून उलटा_ठेका यांनी लिहिलेलं आठवून स्नेअर मोजायला लागले. एक दोन तीन चार, दोनवर, चारवर, दोनवर, चारवर, आणि अचानक तो दोनवर आलाच नाही. मी स्वयंपाकघरात उभी होते, हातात धुतलेला कप. तो तीनवर पडला आणि माझं सगळं अंग खाली गेलं. कोणी शिकवलं नव्हतं, आपोआप झालं. मागे जाऊन तेवढाच भाग चार वेळा ऐकला.

मग शेवटच्या गाण्याच्या आधी एक छोटासा तुकडा आहे, शब्दच नाहीत, नुसती शांत गिटार. त्याबद्दल कोणी काहीच लिहिलं नाहीये. तो मुद्दाम तिथे ठेवलाय का?

ड्रॉप_सी
ताई, 'विदाउट अ नेम'. मी इतकी वर्षं ऐकतोय आणि दरवेळी त्याच्याकडे शेवटच्या गाण्याची वाट म्हणूनच पाहिलं. आत्ता हेडफोन लावलेत, फक्त तोच ऐकतोय.

कोरी_पाटी
ऐकून सांगा. तोवर अनर्थ लावते.